फुटबॉलपटूंच्या पायांची ताकद आणि दुखापती टाळणारा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू, कोच आणि पालक यांच्याकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पाय आत्ताच दुखावलेला असेल तर आधी प्रश्न १६ आणि १७ वाचा.

१. फुटबॉलमध्ये पायाचं नेमकं काय दुखावतं? आधी कशाकडे बघायचं?

चार जागा आहेत: मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग, जांघेतले अ‍ॅडक्टर, गुडघा आणि घोटा.

व्यावसायिक पुरुष खेळाडूंना सगळ्यांत जास्त छळतो तो हॅमस्ट्रिंग. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना २००१ पासून ठेवते आहे. २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो २४ टक्क्यांवर गेला. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच टेकायच्या जरा आधी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेतच पायाला ब्रेक लावत असतो. बहुतेक वेळा तो जातो तो त्याच क्षणी.

जांघ दुखावते ती किक मारताना, झटकन वळताना आणि लांबच्या बॉलला पाय घालताना. घोटा मुरगळतो टॅकलमध्ये, उडीनंतर उतरताना किंवा मैदानातल्या खड्ड्यात. गुडघ्याचं एसीएल लिगामेंट (मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा बंध) या तिघांपेक्षा कमी वेळा तुटतं, पण तुटलं की वर्षाचा खेळ जातो. चारही जागांवर एकच व्यायाम चालत नाही, म्हणून पुढची उत्तरं वेगवेगळी आहेत.

२. 'फिफा ११+' हे नाव सगळीकडे ऐकतो. हे नेमकं काय आहे?

वीस मिनिटांचा, १५ व्यायामांचा ठरलेला वॉर्म-अप. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने ऑस्लो आणि सांता मोनिका इथल्या क्रीडावैद्यक संस्थांच्या मदतीने तो २००६ मध्ये तयार केला. बॉल आणि मार्कर सोडले तर सामान लागत नाही.

नॉर्वेत १२५ क्लबांमधल्या १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले. हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळपास निम्म्या. फक्त पायाच्या दुखापती वेगळ्या काढल्या तर आकडा कमी होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक पक्का ठरला नाही, हेही सांगायला हवं. पुढे अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुष संघांवर २०१२ च्या हंगामात प्रयोग झाला तेव्हा दुखापतींचं प्रमाण ४६ टक्क्यांनी उतरलं.

आठवड्यातून किमान दोनदा केला तरच या आकड्यांना अर्थ आहे.

३. मैदानावर तो लावायचा कसा? सामान, जागा, क्रम सगळं सांगा.

सहा जोड्या मार्कर दोन समांतर रांगांत मांडा, दोन मार्करमध्ये ५ ते ६ मीटर अंतर. दोन खेळाडू एकाच वेळी निघतात, आतल्या बाजूने व्यायाम करत जातात आणि बाहेरून पळत परत येतात.

पहिला भाग, ८ मिनिटं: सरळ धावणं, गुडघा वर घेऊन मांडी बाहेर फिरवणं, मग आत फिरवणं, जोडीदाराभोवती फेरी, उडी मारून खांद्याला खांदा लावणं, आणि दोन मार्कर पुढे जाऊन एक मागे येणं. प्रत्येक दोनदा.

दुसरा भाग, १० मिनिटं: कोपरांवर प्लँक (पालथं होऊन कोपरं आणि चवडे टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं), एका कुशीवरचा प्लँक, नॉर्डिक (हॅमस्ट्रिंगचा व्यायाम, प्रश्न ७), एका पायावर उभं राहणं, स्क्वॉट आणि उड्या. या सहाही व्यायामांच्या तीन पातळ्या आहेत. उदाहरणार्थ एका पायावर उभं राहताना पहिल्या पातळीत बॉल हातात धरून ३० सेकंद, दुसरीत जोडीदाराकडे बॉल टाकत, तिसरीत जोडीदार हलकेच ढकलून तोल घालवायचा प्रयत्न करतो. ठरलेला वेळ पाय न डगमगता पूर्ण झाला की मगच वरची पातळी. पोरं पहिल्याच दिवशी तिसरी पातळी मागतात, देऊ नका.

तिसरा भाग, २ मिनिटं: ४० मीटर ७५ ते ८० टक्के वेगाने, मग लांब ढांगा टाकत उड्या, मग पळता पळता पाय रोवून दिशा बदलणं.

मॅचच्या दिवशी फक्त पहिला आणि तिसरा भाग. दुसरा भाग मॅचआधी केला तर पाय दमतात.

४. त्यापेक्षा मैदानाला दोन राउंड आणि मग स्ट्रेचिंग, हे काय वाईट?

वाईट नाही, अपुरं आहे. दोन राउंडमध्ये अंग गरम होतं, पण स्प्रिंट, वळण आणि उडीवरून उतरणं यांची तयारी होत नाही, आणि पाय जातो तो यांतच. एकेक स्नायू मिनिटभरापेक्षा जास्त ताणून धरला तर त्याचा जोर काही काळ उलट कमी होतो. १५-२० सेकंदांच्या ताणाने बिघडत काही नाही, पण एवढ्याने दुखापत टळते असंही दिसलेलं नाही. लांब स्ट्रेचिंग सराव संपल्यावर करा.

५. आमची पोरं रोज दीडशे-दोनशे बैठका मारतात. पाय मजबूत आहेतच, मग हे वेगळं कशाला?

कोल्हापुरातून हा प्रश्न हमखास येतो, आणि साहजिक आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या संघांची नावंच तालमींची आहेत.

बैठकेत टाचा उचललेल्या, गुडघे पुढे आणि धड बरंचसं सरळ असतं. भार येतो मांडीच्या पुढच्या क्वॉड्सवर. हॅमस्ट्रिंग कंबरेचा सांधा आणि गुडघा अशा दोन्हींवरून जातो, त्यामुळे खाली बसताना तो एका टोकाला ताणला जातो आणि दुसऱ्या टोकाला सैल पडतो. त्याची लांबी फारशी बदलत नाही आणि कामही थोडंच होतं. म्हणजे दोनशे बैठकांनी पाय पुढे फेकणारा स्नायू वाढतो, तो थांबवणारा आहे तिथेच राहतो.

दुसरं असं की दोनशे वेळा करता येणारा व्यायाम दमसास वाढवतो. ताकदीसाठी ५ ते ८ वेळांतच दमवेल असा भार लागतो. बैठका बंद करायची गरज नाही. त्या पन्नासवर आणा आणि वाचलेल्या वेळात नॉर्डिक, जांघेचा व्यायाम (प्रश्न १०) आणि एका पायावर टाच उचलणं घाला.

६. फिफा ११+ केल्याने पायाची ताकद खरंच वाढते का?

कोणाची, त्यावर आहे. ज्या मुलांनी ताकदीचा व्यायाम कधी केलाच नाही त्यांची पुढची-मागची दोन्ही बाजू वाढते. प्रौढ खेळाडूंची मशिनवर मोजणी केली तर हॅमस्ट्रिंगमध्ये वाढ दिसते ती मुख्यतः नॉर्डिकमुळे, क्वॉड्समध्ये बऱ्याचदा किरकोळ किंवा काहीच नाही. कारण उघड आहे: स्वतःच्या वजनाचा स्क्वॉट ३० सेकंद करणं हा रोज पळणाऱ्या माणसाला भारच नाही.

दुखापती कमी होतात त्याचं सगळं श्रेय ताकदीला देऊ नका. तोल, उतरण्याची पद्धत आणि धडाचा घट्टपणा यांचाही वाटा आहे. म्हणून १६-१७ च्या पुढच्या खेळाडूला ११+ शिवाय आठवड्यातून दोन वेळा वजनांचा व्यायाम हवा: एक पाय मागे बाकावर ठेवून स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, कंबरेतून वाकत वजन खाली नेणं आणि उचलणं) आणि टाच उचलणं. प्रत्येकी ३ सेट, ६ ते ८ रेप (एका सेटमध्ये किती वेळा करायचं तो आकडा), मध्ये दोन मिनिटं विश्रांती. शेवटच्या रेपनंतर 'अजून दोन झाले असते' असं वाटेल एवढं वजन घ्या.

७. नॉर्डिक नेमका कसा करायचा?

जाड मॅट किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर गुडघे टेका. जोडीदार मागे गुडघ्यांवर बसून तुमचे दोन्ही घोटे टाचेच्या वरून घट्ट दाबून धरतो. त्याने नुसते हात लावून चालत नाही, अंगाचं वजन टाकायचं, नाहीतर टाचा उचलतात. तुमचं धड गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत, हात छातीपुढे. आता सावकाश पुढे झुका, ३ ते ५ सेकंद खाली जाणं लांबवा. धरवेना झालं की हातांवर पडा, छाती मॅटला लागू द्या आणि हातांनी ढकलूनच परत वर या. वर येताना हॅमस्ट्रिंगने ओढू नका, काम खाली जाण्याचंच आहे.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कंबरेत वाकणं. ढुंगण मागे राहतं, धड पुढे जातं आणि भार निम्मा होतो. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढला की लगेच कळतं.

दहा आठवड्यांची चढण:

- पहिला आठवडा: १ दिवस, २ सेट, ५ रेप
- दुसरा: २ दिवस, २ सेट, ६ रेप
- तिसरा: ३ दिवस, ३ सेट, ६ ते ८ रेप
- चौथा: ३ दिवस, ३ सेट, ८ ते १० रेप
- पाचवा ते दहावा: ३ दिवस, ३ सेट, अनुक्रमे १२, १० आणि ८ रेप

त्यानंतर आठवड्यातून एकदा. डेन्मार्कमध्ये ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर अशाच पद्धतीची चाचणी झाली (२०११). हॅमस्ट्रिंगच्या नव्या दुखापती सुमारे ६० टक्क्यांनी आणि जुनी उलटण्याचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झालं.

८. नॉर्डिक केल्यावर दोन दिवस जिना उतरवत नाही. रविवारी मॅच असते, मग कधी करायचा?

ताणलेल्या अवस्थेत जोर लावायची सवय नसली की स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतो. वरचा तक्ता एका दिवसाने आणि १० रेपने सुरू होतो तो याचसाठी. पहिल्याच आठवड्यात ३ सेट १२ रेप लावणारे कोच आहेत. त्यांच्या संघात हा व्यायाम तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

रविवारच्या मॅचसाठी मंगळवार किंवा बुधवार, सरावाच्या शेवटी. शुक्रवार-शनिवारी नाही. हंगाम सुरू झाल्यावर तीन दिवस करायची गरजही उरत नाही: ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांनंतर आठवड्याला फक्त ८ रेप करणाऱ्यांची ताकद जास्त करणाऱ्यांइतकीच वाढली. पूर्ण बंद मात्र करू नका. व्यायामाने लांब झालेले स्नायूतंतू दोन-चार आठवड्यांच्या खंडात परत आखूड होतात.

९. थोडं झुकलो की धपकन पडतो. आणि घरी पाय धरायला कोणी नसतं.

पडणं सुरुवातीला सगळ्यांचंच होतं. रबरी बँड छातीखालून घेऊन त्याची टोकं मागे जोडीदाराच्या हातात किंवा खांबाला अडकवा, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आधार मिळतो. बँड नसेल तर जिथपर्यंत ताबा राहतो तिथे तीन सेकंद थांबा आणि मग हातांवर या. दर आठवड्याला ती जागा थोडी खाली सरकते.

एकटे असाल तर जड लोखंडी बाक किंवा वजन लावलेला बारबेल घोट्यांवर, मध्ये टॉवेल. हलक्या कपाटाच्या किंवा दिवाणाच्या कडेखाली पाय अडकवू नका, फर्निचर उचललं जातं.

१०. जांघेचं दुखणं हंगामभर पाठ सोडत नाही. काय करावं?

कोपनहेगन अ‍ॅडक्शन नावाचा एकच व्यायाम शिका. नॉर्वेत ३५ निमव्यावसायिक संघांतल्या ६५२ खेळाडूंवर तो वापरला तेव्हा जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला (२०१९).

कुशीवर पडून कोपर टेका. जोडीदार तुमचा वरचा पाय घोट्याशी आणि गुडघ्याशी धरून कंबरेइतक्या उंचीवर ठेवतो. वरच्या पायाच्या आतल्या बाजूने जोर देऊन अंग उचला आणि खालचा पाय वरच्याला भिडवा. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. जड गेलं तर वरचा पाय गुडघ्यापाशीच बाकावर टेकवा, तेही जड गेलं तर नुसतं कुशीवर पडून खालचा पाय उचला. प्रत्येक बाजूला एकच सेट, ३ ते ५ रेपपासून १२ ते १५ पर्यंत वाढवत. हंगामाआधी सहा-आठ आठवडे, बहुतेक आठवड्यांत तीनदा, मग आठवड्यातून एकदा.

आज खेळावं की नाही यासाठी पाच सेकंदांची चाचणी आहे. उताणं पडा, पाय सरळ, दोन घोट्यांमध्ये जोडीदाराचा हात. पूर्ण जोराने पाच सेकंद दाबा आणि दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्या. ० ते २ असेल तर खेळा. ३ ते ५ असेल तर किक आणि स्प्रिंट कमी करा. ६ किंवा वर असेल तर बूट काढा. दर आठवड्याला त्याच वारी लिहून ठेवलं की चढउतार दिसतो.

११. उडीवरून उतरताना मुलाचा गुडघा आत पडतो. सुधारतं का?

सुधारतं, आणि एसीएलच्या दृष्टीने यासारखं फायद्याचं काम दुसरं नाही. हे लिगामेंट तुटतं तेव्हा बहुतेक वेळा गुडघ्यावर थेट मार बसलेला नसतो. प्रतिस्पर्ध्यावर धावून जाताना एकदम थांबणं किंवा वळणं ही नेहमीची वेळ.

समोरून बघा: गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आधी दोन पायांवर जागच्या जागी उडी, उतरताना आवाज न करता, गुडघा आणि कंबर दोन्ही वाकवून. १० उड्या स्वच्छ झाल्या की बाजूला उडी, मग एका पायावर, मग समोर बॉल टाकून लक्ष दुसरीकडे असताना. गुडघ्यांच्या वर सैलसर रबरी बँड बांधला तर बाहेर ढकलण्याची आठवण राहते. वळण शिकवताना शेवटची दोन-तीन पावलं छोटी टाकायला सांगा. एकाच लांब पावलात पाय बाहेर रोवला की गुडघा आत जातोच.

१२. मुलींच्या संघाला वेगळा कार्यक्रम लागतो का?

कार्यक्रम तोच, हयगय कमी हवी. एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दोन ते तीन पट असतं, म्हणून प्रश्न ११ मधलं काम १२-१३ व्या वर्षीच सुरू करा. 'मुलींनी वजन उचलू नये' या सल्ल्याला आधार नाही, आणि जिममध्ये न पाठवल्याचा भुर्दंड गुडघ्याला बसतो.

१३. एकदा मुरगळलेला घोटा वर्षात तीनदा मुरगळला. पट्टा बांधून खेळलो तर स्नायू आळशी होतात का?

नाही होत. आधी मुरगळलेल्या घोट्याला ब्रेस किंवा टेप लावली की पुन्हा मुरगळणं कमी होतं. पुढचे सहा ते बारा महिने मॅच आणि सरावात वापरा. लवचिक मोजा मात्र ब्रेस नव्हे, त्याने फक्त उबदार वाटतं.

सोबत आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा: एका पायावर उघड्या डोळ्यांनी ३० सेकंद, मग डोळे मिटून, मग उशीवर, मग उशीवर उभं राहून बॉल परत मारणं. शेवटी एका पायावर टाच उचलणं, दमेपर्यंत. घोटा पुन्हा पुन्हा जातो त्यामागे बहुधा हेच असतं: सूज उतरली की माणूस हे सोडून देतो.

१४. आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही हेच करायला लावायचं का?

त्यांच्यासाठी '११+ किड्स' आहे, ७ ते १३ वयासाठी. सात व्यायाम, १५ ते २० मिनिटं: शिट्टीच्या इशाऱ्यावर पळणं-थांबणं, बाजूला एका पायावरून दुसऱ्यावर उड्या, एका पायावर तोल, बॉलसोबत हातांवर तोल, एका पायाच्या उड्या, कोळ्यासारखं हातापायांवर चालणं आणि कुशीवर लोळण घेत पडायला शिकणं. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताकात घेतलेल्या चाचणीत दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा टाच दुखते तेव्हा 'पाय कमकुवत आहे' म्हणून व्यायाम वाढवू नका. वाढत्या हाडावर स्नायूची ओढ बसत असते. पळणं आणि उड्या काही आठवडे कमी करा. लंगडत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

१५. मशिनवर टेस्ट केली. हॅमस्ट्रिंग-क्वॉड्स गुणोत्तर ०.५२ आलं. धोका आहे का? आणि मशीन नसेल त्यांनी काय करायचं?

मशिनवर गुडघा ६० अंश प्रति सेकंद वेगाने हलवत केलेल्या मोजणीत ०.६ च्या आसपास ठीक मानतात, म्हणून तुमचा आकडा कमी दिसतो. आधी वेग कोणता होता ते विचारा. वेग बदलला की आकडा बदलतो. क्वॉड्स फारच जबर असले तरी गुणोत्तर खाली येतं, हॅमस्ट्रिंग चांगला असूनसुद्धा.

याचं भाकीत-मूल्य वादाचं आहे. ४६२ व्यावसायिक खेळाडूंच्या २००८ मधल्या अभ्यासात असमतोल दुरुस्त न केलेल्यांना चार ते पाच पट धोका दिसला. पुढे कतारमधल्या ६१४ खेळाडूंच्या मोजणीत जखमी आणि धडधाकट यांच्यातला फरक इतका बारीक निघाला, की त्यावरून एकट्या खेळाडूबद्दल काही सांगता येत नाही. आमचं मत असं की टेस्टवर हजारो रुपये घालवण्यापेक्षा सगळ्या संघाने नॉर्डिक करावा. मोजणी उपयोगी पडते ती दुखापतीनंतर, दुखऱ्या पायाची दुसऱ्याशी तुलना करायला.

मशीनशिवाय: ६० सेंटिमीटर उंच स्टुलावर एक टाच, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय हवेत, कंबर उचलायची आणि टेकवायची. २० पेक्षा कमी झाल्या तर कमकुवत, ३० च्या वर चांगलं. एका पायावर टाच उचलणं २५ वेळा पूर्ण उंचीने जमावं. एका पायाच्या लांब उडीत डावा-उजवा फरक १० टक्क्यांच्या आत हवा.

१६. पाय मुरगळला. तेल लावून चोळून 'बसवून' घेतला तर चालेल का?

पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, गरम शेकही नको. आतला रक्तस्राव वाढतो. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, आणि दुखणार नाही इतपत हळूहळू टेकणं.

एक्स-रे कधी? चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर त्याच दिवशी. पाऊल मधोमध, आतल्या उंचवट्यावर किंवा करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या बुडाशी दुखत असेल तरीही. मोडलेलं हाड चोळून बसवत नाहीत.

१७. हॅमस्ट्रिंग खेचला गेला. तीन आठवडे झाले, चालताना दुखत नाही. खेळू का?

चालताना न दुखणं ही पहिली पायरी, शेवटची नाही. पुढचं सगळं जमतं का बघा: स्नायूवर दाबून दुखत नाही, उताणं पडून सरळ पाय दुसऱ्याइतका वर जातो, प्रश्न १५ मधल्या स्टुलाच्या चाचणीत दुसऱ्याच्या किमान ९० टक्के होतात, आणि सरावात किमान दोन-तीन वेगळ्या दिवशी पूर्ण वेगाने पळून झालं आहे, मनात भीती न ठेवता. ७० टक्के, ८०, ९०, मग पूर्ण, अशी चढण घ्या. एखाद्या पायरीवर ओढल्यासारखं वाटलं तर एक पायरी खाली.

मांडीत 'फट्' असा आवाज येऊन मोठं निळं पडलं असेल, किंवा बसताना ढुंगणाखालच्या हाडापाशी दुखत असेल, तर आधी एमआरआय किंवा सोनोग्राफी. स्नायू हाडाला जोडणारी दोरी (कंडरा) हाडापासून सुटली असेल तर हिशेब महिन्यांचा असतो.

१८. एसीएलच्या ऑपरेशनला सहा महिने झाले, गुडघा छान वाटतो. स्पर्धा जवळ आहे.

थांबा. २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं दर महिन्याने लांबवलं की गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास अर्ध्याने घटत गेलं. नऊ महिने आणि क्वॉड्सची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के, दोन्ही अटी पूर्ण हव्यात. वेळ भरली पण मांडी अजून बारीक आहे, असे खेळाडू बरेच असतात.

१९. स्पर्धेत रोज किंवा एक दिवसाआड मॅच असते. तेव्हा हे सगळं कुठे बसवायचं?

बसवू नका. अशा आठवड्यात ११+ चा पहिला-तिसरा भाग (प्रश्न ३), झोप आणि जेवण. नवीन व्यायाम तर अजिबात सुरू करू नका. जे बेंचवर बसून राहिले त्यांच्याकडून मात्र मॅच संपल्यावर सहा-आठ स्प्रिंट आणि नॉर्डिकचा एक सेट करून घ्या, नाहीतर दहाव्या दिवशी अचानक ९० मिनिटं खेळायला उतरले की तेच जायबंदी होतात.

२०. आमच्याकडे सरावाला एकच तास असतो आणि पोरं वीस मिनिटांना कंटाळतात.

दुसरा भाग सरावाच्या शेवटी टाका. ऑस्ट्रेलियातल्या २५ निमव्यावसायिक क्लबांत असं करून पाहिलं, तेव्हा खेळाडू तो जास्त नेमाने करू लागले आणि गंभीर दुखापतींची संख्याही उतरली. प्लँकचा दिवस आणि उड्यांचा दिवस वेगळा ठेवला तरी चालतो. कापायचं झालं तर प्लँक कापा, नॉर्डिक आणि उतरण्याचा सराव ठेवा.

२१. वय ३८, फक्त रविवारी टर्फवर खेळतो. एवढं सगळं करायचं का?

तुमच्या वयाला पोटरी आणि टाचेमागची दोरी (कंडरा) आधी दगा देते. आठवड्यातून दोनदा एका पायावर टाच उचलणं, ३ सेट १२ रेप, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. नॉर्डिक आठवड्याला ८ रेप. रविवारी पहिली दहा मिनिटं पहिला भाग. आणि टर्फवर लांब स्टडचे बूट नकोत, आखूड रबरी गोळ्यांचे घ्या. लांब स्टड रुततात आणि वळताना गुडघा पिळतो.

२२. नॉर्डिक नेमाने केला, तरी हॅमस्ट्रिंग गेलाच. मग चूक कुठे?

तीन शक्यता तपासा. एक, सरावात पूर्ण वेगाने पळणं होतच नसेल. छोट्या जागेत पाच-पाच जणांचे खेळ खेळले की खेळाडू दमतो, पण ४० मीटर सुसाट कधी जात नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा ९० टक्क्यांच्या वर चार-सहा स्प्रिंट हव्यात. दोन, पाय गेला तो पळताना नव्हे तर उंच किक मारताना किंवा घसरून टॅकल करताना. ही दुखापत वर, बसण्याच्या हाडाजवळ होते आणि तिला कंबरेतून ताण देणारे व्यायाम लागतात, म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट, आधी दोन पायांवर आणि मग एका पायावर. तीन, जुनी दुखापत पुरती बरी होण्याआधी परतणं, त्यासाठी प्रश्न १७. आणि दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर ते हॅमस्ट्रिंगचं नसून पाठीच्या मणक्याचं असू शकतं. तेव्हा स्ट्रेचिंग थांबवून फिजिओकडून पाठ तपासून घ्या.